पूर्वेचा किनारा

“गर्दी नको,” दादासाहेब म्हणाले. “बाकी कसाही असू दे.”

हॉटेलच्या व्हरांड्यात वेताच्या टेबलावर मी बेटाचा नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर पपईची बशी आणि दुसऱ्यावर वहिनीसाहेबांची गोळ्यांची डबी ठेवली होती. कॅरिबियन समुद्रातलं ते एक लहानसं बेट. त्याचं नाव सांगत नाही. का ते पुढं कळेल. दोन हजार नऊ सालचा फेब्रुवारी महिना. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि तो दिवस समुद्रावर घालवायचा, हे इचलकरंजीहून निघतानाच ठरलं होतं. किनारा कुठला, हे ठरवायचं काम माझं. मी त्यांची टूर मॅनेजर.

“वाळू पांढरी हवी,” ओवी म्हणाली. ही त्यांची नात, सतरा वर्षांची. कॅमेऱ्यातून डोकं वर न काढता बोलायची तिची सवय होती. “फोटोत मस्त येते.”

“मला सावली,” वहिनीसाहेब, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी, म्हणाल्या. “आणि गाडी जवळपर्यंत जाईल असं बघा, शैलाताई. हा गुडघा वाळूत चालू देत नाही.”

“आणि मला पोहायचंय.” दादासाहेबांनी नकाशा स्वतःकडं ओढला. “ते कमरेएवढं पाणी नको हं, कर्णिकबाई. बायकापोरं डुंबतात तसलं. मी पंचगंगेच्या पुरात उड्या मारलेला माणूस आहे.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“परवा विमानात सांगितलंत की.”

“हां, सांगितलं असेल,” म्हणून ते हसले. सत्तरीतही माणूस ताठ होता. पांढरे केस मागं वळवलेले, मनगटावर सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ. बोलताना समोरच्याकडं बघायचे नाहीत, त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघायचे. मला ते फार जुन्या काळापासून ठाऊक होतं.

सकाळीच मी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या इव्हॉन नावाच्या बाईंना विचारून आले होते. त्या जन्मापासून बेटावरच्या. त्यांनी नकाशावर पश्चिमेच्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “तुमच्या म्हाताऱ्या साहेबांना इथं न्या. पाणी संथ, वाळू मऊ, बदामाच्या झाडांची सावली. जीवरक्षक दिवसभर बसलेला असतो. मोठी जहाजं लागतात त्या दिवशी थोडी गर्दी होते, तेवढंच.” मग मी पूर्वेकडं बोट ठेवून विचारलं, “आणि हा?” त्यावर त्यांनी मान हलवली. “हा सगळ्यांत देखणा. पण तो बघायचा किनारा आहे, पोहायचा नाही. तिकडं उघडा अटलांटिक आहे. जेवा, फोटो काढा, आणि पाय ओले न करता परत या. दर एकदोन वर्षांनी कुणीतरी ऐकत नाही, आणि मग आम्हाला शोधत बसावं लागतं.”

मी त्यांचे आभार मानले होते.

ओवी उठून कठड्याशी गेली. तिथं एक काळा लांब शेपटीचा पक्षी पपईच्या आशेनं येऊन बसला होता, त्याचे ती फोटो काढायला लागली. मी पेन घेतलं आणि पूर्वेच्या किनाऱ्याभोवती गोल काढला.

“हा. इथं कुणी नसतं. वाळू पांढरी आहे, नारळीची सावली आहे, गाडी जवळपर्यंत जाते.”

“पाणी?”

“शांत आहे,” मी म्हणाले. “आत गेलात तरी काळजी नाही.”

वहिनीसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी आपली गोळ्यांची डबी उचलली आणि नकाशाचा तो कोपरा वाऱ्यानं फडफडायला लागला.

“ठरलं तर मग,” दादासाहेब म्हणाले.

माझं माहेरचं आडनाव भोई. कर्णिक मी लग्नानंतर झाले. माझे वडील दौलत भोई इचलकरंजीतल्या एका क्लबच्या तरणतलावावर जीवरक्षक होते. पंचगंगेच्या काठावरचा जन्म, शिक्षण चौथीपर्यंत, पण पाण्यातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं कुणाला कळत नव्हतं. गावातल्या निम्म्या सुखवस्तू घरांतली मुलं त्यांच्या हाताखाली पोहायला शिकली. मलाही त्यांनीच शिकवलं, नदीत, मी पाच वर्षांची असताना. “पाण्याला ओढ असली तर तिच्याशी भांडायचं नाही, शैले. आडवं जायचं. ओढ संपते. आपला दम संपायच्या आधी ती संपते, एवढं ध्यानात धर.” ते दिवसभर हात मागं बांधून तलावाच्या कडेला उभे असायचे. कुणी हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत. डोळे पाण्यावर ठेवूनच उत्तर द्यायचे. लोकांना तो उद्धटपणा वाटायचा.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मे महिन्यात क्लबचं स्नेहसंमेलन होतं. हिरवळीवर मांडव घातला होता. तलावात दहाबारा मुलं होती. क्लबचे अध्यक्ष रत्नाकर हुपरीकर, म्हणजे हेच दादासाहेब, मांडवातून ओरडले, “दौलू, इकडं ये, पाहुणे आलेत, खुर्च्या कमी पडतायत.” बाबा म्हणाले, “साहेब, पाण्यात पोरं आहेत.” दादासाहेब म्हणाले, “दोन मिनिटांचं काम आहे. येतोस का दुसरा माणूस बघू?” बाबा गेले. खुर्च्या मागच्या खोलीत होत्या. ते परत आले तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांचा दहा वर्षांचा मुलगा तळाशी होता.

चौकशीत दादासाहेबांनी सांगितलं, “मी त्याला बोलावलं नव्हतं. तो मागं बिडी ओढायला गेला होता.” मांडवात साठसत्तर माणसं होती. एकानंही वेगळं सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. खटला चार वर्षं चालला, शेवटी पुराव्याअभावी सुटले. पण गाव सोडत नाही. त्यांना पाहिलं की बायका मुलांना जवळ ओढायच्या. नंतर ते सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, सूत भिजवायच्या हौदावर कामाला लागले. नदीवर पुन्हा गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. तलावावर ते घडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. रोज जेवताना ते एकच वाक्य म्हणायचे, “मी बिडी ओढत नव्हतो.” आम्हाला माहीत होतं, तरी म्हणायचे. शहाण्णव साली गेले, तेव्हाही शेवटच्या दिवसांत त्यांची तीच बडबड चालू होती.

पुढं मी पुण्यात शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं. रोज सकाळी महापालिकेच्या तलावावर पोहत राहिले. मग एके दिवशी ऑफिसात फाइल आली: श्री. रत्नाकर हुपरीकर, सौ. कुमुदिनी हुपरीकर, कु. ओवी. तो दौरा माझ्या सहकारिणीकडं होता. मी तिच्याकडून मागून घेतला.

बेत असा काही नव्हता. इतकंच डोक्यात होतं की त्या माणसाच्या शेजारी दहा दिवस राहायचं आणि बघायचं, त्याला झोप कशी लागते. त्याला उत्तम झोप लागत होती. विमानात तो घोरत होता. बेत झाला तो इव्हॉनबाईंचं बोट नकाशावर असताना.

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही साडेनवाला निघालो. ड्रायव्हर डेलरॉय नावाचा गप्प स्वभावाचा माणूस. किनाऱ्याच्या मुख्य वाटेवर धोक्याची पाटी आहे हे मला इव्हॉनबाईंकडून कळलं होतं, म्हणून मी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, गाडी नारळीच्या बागेतून मागच्या बाजूनं घे, वहिनीसाहेबांना कमी चालावं लागेल. उतरताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “फक्त जेवण ना, मॅडम? पाण्यात कुणी जाणार नाही ना?”

“फक्त जेवण,” मी म्हणाले. तो गाडी सावलीत लावून तिथंच आडवा झाला.

किनारा खरोखरच देखणा होता. वाळू रव्यासारखी, माणूस नाही, पाऊलखूण नाही. लाटा दुरून उठून यायच्या आणि आपटायच्या. पण मधोमध, वीसपंचवीस फूट रुंदीचा एक पट्टा असा होता की तिथं लाट फुटतच नव्हती. पाणी गडद आणि गुळगुळीत. न कळणाऱ्याला वाटावं, हीच उतरायची जागा. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेनं परत समुद्रात जात असतं. मला ते गाडीतून उतरल्या उतरल्या दिसलं.

वहिनीसाहेबांनी डबा उघडला. इचलकरंजीहून आणलेले बेसनाचे लाडू, हॉटेलातून बांधून घेतलेला पाव. ओवाळायला निरांजन आणलं होतं, पण वाऱ्यात ज्योत टिकेना. तीनदा काडी ओढून त्यांनी नाद सोडला, दादासाहेबांच्या कपाळाला नुसतं कुंकू लावलं आणि लाडू भरवला.

“बस झालं,” दादासाहेब म्हणाले. “आता मी जरा पाण्यात जाऊन येतो.” ओवी लांब, किनाऱ्याच्या टोकाशी लाटांचे फोटो काढत होती. त्यांनी शर्ट काढला. मला विचारलं, “कुठून उतरू?”

मला बोटही दाखवावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच पाहिलं. “ते तिथं बरं दिसतंय. लाटा नाहीत.”

“हो,” मी म्हणाले. “ते बरं आहे.”

ते उतरले. आधी गुडघाभर, मग छातीभर, मग त्यांनी हात मारायला सुरुवात केली. पोहणं चांगलं होतं त्यांचं. दहाबारा हात मारल्यावर ते वळून बघायला थांबले आणि आपण अपेक्षेपेक्षा बरेच आत आलोय हे त्यांच्या ध्यानात आलं. ते परत किनाऱ्याकडं पोहायला लागले. सरळ. ओढीच्या तोंडावर. हात जोरात चालले होते आणि अंतर वाढत होतं.

वहिनीसाहेब माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या, नारळीच्या खोडाला धरून. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. “आडवं पोहा, दादासाहेब, डावीकडं,” एवढं ओरडून सांगितलं असतं तर कदाचित ते स्वतःच बाहेर आले असते. माझा आवाज मोठा आहे, मी गाईड आहे, पन्नास माणसांना माइकशिवाय ऐकू जाईल असं बोलते. मी हात मागं बांधून उभी होते.

एक लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. ते वर आले. दुसरी गेली. वर यायला वेळ लागला. मी मोजत नव्हते, पण पुष्कळ वेळ होता तो. मला भीती वाटली नाही. पोटात एक थंड समाधान होतं, हे मी लपवत नाही.

मग ओवी ओरडली, “आजोबा!” कॅमेरा वाळूत टाकून ती पाण्याकडं पळत सुटली.

तिला पोहता येत नव्हतं. मी धावले, पाणी तिच्या मांडीपर्यंत आलं होतं तेव्हा मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिला वाळूवर लोटून दिलं. “आजीजवळ थांब. एक पाऊल पुढं टाकशील तर बघ.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “ताई, जा ना,” ती म्हणाली. “जा ना तुम्ही.”

तिच्यासाठी गेले. त्याच्यासाठी गेले नाही.

पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला होता. तो रिकामा केला, झाकण घट्ट लावलं आणि त्याच गुळगुळीत पट्ट्यात उडी घेतली. ओढीनं मला झपाट्यानं त्यांच्यापाशी नेलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, कपाळावरचं कुंकू धुऊन गेलं होतं. मला पाहताच त्यांनी कॅनकडं हात टाकला.

मी कॅन मागं घेतला. दोन हात अंतर ठेवून पाय मारत राहिले.

“द्या... इकडं...”

“मी दौलत भोईंची मुलगी.”

त्यांना ऐकू आलं की नाही कळेना. लाट गेली. ते पुन्हा वर आले, तोंडातून पाणी ओकत.

“दौलू भोई,” मी म्हणाले. “तलावावरचा. त्या दिवशी खुर्च्या उचलायला त्याला कुणी बोलावलं होतं?”

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“मी,” ते म्हणाले.

“मोठ्यानं.”

“मी बोलावलं... मीच... दे ग ते. दे.”

सव्वीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट पाहत होते, आणि ते ऐकायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी कॅन पुढं केला. त्यांनी तो छातीशी कवटाळला. त्यांना मागून धरून मी आडवी निघाले, उत्तरेकडं. बाबांनी सांगितलं होतं तसंच झालं, ओढ संपली. तिथून लाटांनीच आम्हाला वाळूवर आणून टाकलं.

दवाखाना गावात होता. त्यांच्या छातीत पाणी गेलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, वाचले, दोन दिवस ठेवू. परदेशी पाहुणा बुडता बुडता वाचला म्हणून दुपारी पोलीस ठाण्यातून एक बाई जबाब लिहून घ्यायला आल्या. धिप्पाड, शांत आवाजाच्या. त्यांनी दादासाहेबांच्या खाटेशी खुर्ची ओढली. मी, ओवी आणि वहिनीसाहेब भिंतीशी उभे होतो. डेलरॉय दारात.

“पूर्वेच्या किनाऱ्यावर पोहू नये हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?” बाईंनी विचारलं. त्यांच्या इंग्रजीला तिथला वेगळाच हेल होता. दादासाहेबांना जे कळायचं नाही ते ओवी मराठीत सांगायची.

दादासाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. “हिनं सांगितलं पाणी शांत आहे. हिनंच तो किनारा निवडला. हिला माहीत होतं. हिनं मला मुद्दाम नेलं.”

शब्द न् शब्द खरा होता.

बाई माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, “किनारा मी निवडला. जेवणासाठी. साहेबांना मी सांगितलं होतं की पाण्यात उतरू नका. ते म्हणाले, मी पुरात पोहलेला माणूस आहे.”

मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. खोटं बोलायला किती कमी कष्ट पडतात हे मला त्या क्षणी समजलं, आणि त्या माणसानं चौकशीत ते कसं केलं असेल तेही समजलं.

डेलरॉयला विचारलं. तो म्हणाला, “मॅडमनी मला सांगितलं होतं, फक्त जेवण. पाण्यात कुणी जाणार नाही.” इव्हॉनबाईंनी फोनवर सांगितलं की त्यांनी मॅडमना धोक्याची पूर्ण कल्पना दिली होती आणि मॅडमनी आभार मानले होते. पोलीसबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “आणि शेवटी तुम्हीच त्यांना बाहेर काढलंत.”

“हो.”

“ज्या माणसाला बुडवायचं असतं त्याला कुणी बाहेर काढत नाही, साहेब,” त्या दादासाहेबांना समजुतीनं म्हणाल्या. “तुम्हाला धक्का बसलाय.”

“ती सूड घेतेय,” दादासाहेब ओवीला म्हणाले. “सांग तिला. सूड घेतेय ही माझ्यावर. हिचा बाप...”

आणि थांबले.

“काय आजोबा?” ओवीनं विचारलं. “ताईंच्या बाबांचं काय?”

त्यांनी ओवीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. पुढचं वाक्य बोलायचं तर त्यांना नातीसमोर सांगावं लागणार होतं की हिच्या बापाचं मी काय केलं होतं. तोंड उघडं होतं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“काही नाही,” ते म्हणाले.

बाईंनी वही चाळली. “आजींना विचारा. त्या तिथं होत्या ना? या मॅडमनी पाण्याबद्दल काही सांगितलं होतं का?”

ओवीनं विचारलं. नकाशा पसरला होता तेव्हा वहिनीसाहेब माझ्यासमोर दोन हातांवर बसल्या होत्या. माझा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता.

वहिनीसाहेबांनी पदर सावरला.

“सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “दोनदा सांगितलं. यांनी ऐकलं नाही.”

“कुमुद,” दादासाहेब म्हणाले.

त्यांनी तिकडं पाहिलं नाही. “लिहून घ्या म्हणावं,” त्या ओवीला म्हणाल्या. “मी सही करते.”

मी बाहेर येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं वहिनीसाहेब आल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू शेजारी बसल्या. समोरच्या अंगणात कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी गोळा करत होतं.

“मी पहिल्या रांगेत बसले होते त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “मांडवात. यांनी हाक मारली ती माझ्या कानाशी. दौलू म्हणाला, साहेब, पाण्यात पोरं आहेत. तेही ऐकलं.”

मी त्यांच्याकडं वळले.

“चौकशीला मला कुणी विचारलं नाही. बायकांना कोण विचारतंय. पण विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. खोटं कशाला बोलू.”

“मला कधी ओळखलंत?”

“मुंबईच्या विमानतळावर. तू सामानाकडं बघत उभी होतीस, हात मागं बांधून. मी हाक मारली तर मान न वळवता ओ दिलीस.” त्या आता माझ्याशी एकेरीत बोलत होत्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं. “मग फॉर्मवर जन्मगाव बघितलं.”

“म्हणजे काल नकाशाच्या वेळी...”

“हो.”

“तरी तुम्ही त्यांना पाण्यात जाऊ दिलंत.”

त्या गुडघा चोळायला लागल्या.

“तुझे वडील तारखेला कोर्टात यायचे. एकदा मी गाडीत बसून पाहिलं होतं. उन्हात उभे होते, एकटेच. मी काच वर केली. आज यांनी विचारलं, कुठून उतरू. तेव्हा मनात आलं, जाऊ दे.”

ओवी दारात येऊन उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिनं बरंचसं ऐकलं आहे. ती आजीसमोर येऊन म्हणाली, “कुठला मांडव? आजी, सगळं सांग मला. पहिल्यापासून.” वहिनीसाहेबांनी तिला शेजारी बसवून घेतलं, आणि मी उठून फाटकापर्यंत चालत गेले.

राहिलेले चार दिवस ओवी आजोबांशी एक शब्द बोलली नाही. त्यांना औषध द्यायची, उशी नीट करायची, पण बोलायची नाही. परतीच्या विमानात ते खिडकीशी जागे बसून होते. आमच्या कंपनीकडं त्यांनी माझी तक्रार केली नाही. क्लबमध्ये जाणंही त्यांनी त्यानंतर सोडलं, असं मला नंतर इचलकरंजीहून कळलं. चार वर्षांनी गेले.

पुण्यात उतरल्यावर मी घरी सामान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी आईकडं गेले. आई तेव्हा शिरोळला मामाकडं राहायची. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि तिला सांगितलं. किनारा कसा निवडला, पाण्यात काय विचारलं, त्यांनी काय कबूल केलं, पोलीसबाईंसमोर त्यांची वाचा कशी बसली, वहिनीसाहेब काय म्हणाल्या. ती शेंगा फोडायची थांबली नाही. “‘मीच’ म्हणाला?” तिनं फक्त एवढंच मधे विचारलं. “त्याच्या तोंडानं?”

“त्याच्या तोंडानं.”

तिनं पदरानं डोळे पुसले. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून माझ्याकडं नीट पाहिलं.

“तो गटांगळ्या खायला लागला तेव्हा तू काठावर होतीस ना?”

“हो.”

“मग किती वेळानं गेलीस पाण्यात?”

मी तिच्याकडं पाहिलं. नदीला कितीही मोठा पूर आला तरी माणूस ओरडल्याबरोबर आत झेपावणाऱ्या माणसाशी तिनं संसार केला होता. बिडीचा आरोप तिनं एकवेळ सोसला होता, पण दौलत भोई काठावर उभा राहिला असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याचं तोंड पाहिलं नसतं.

“लगेच गेले,” मी म्हणाले.

“लगेच?”

“दिसल्याबरोबर.”

तिचा चेहरा निवळला. शेंगदाण्याच्या फोलपटांनी भरलेला हात तिनं माझ्या डोक्यावरून फिरवला. “बापावर गेलीस,” ती म्हणाली. पुढं ती जिवंत होती तोवर, मामाकडं कुणीही पाहुणा आला की त्याला ती हेच सांगायची, शैलानं त्या माणसाला मागचापुढचा विचार न करता पाण्यातून ओढून काढलं. मी तिथं असले तर मान खाली घालून चहा आणायला उठायचे.